थकव्याला उपदेश नको, तपासणी हवी

ब्युप्रेनॉर्फिन (गर्दसारख्या नशेचं व्यसन सोडवायला देतात ती गोळी) घेणाऱ्यांच्या थकव्यावर तुमच्या लेखात 'मन खंबीर करा, पहाटे उठा' एवढंच सांगितलंय, ते काही पटलं नाही. माझा धाकटा भाऊ गर्द (ब्राउन शुगर) सोडून ही गोळी घेतोय. सकाळी केंद्रावर नर्ससमोर जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, मग कामाला. अकरा वाजले की पठ्ठ्या गाळ्यातल्या गोण्यांवर आडवा! शेठ विचारायचा, 'परत सुरू केलंस काय रे?' थकव्यापेक्षा तेच त्याला जास्त लागायचं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पूर्वी सुई घ्यायचा म्हणून हिपॅटायटिस सी. हिमोग्लोबिन चांगलंच खाली निघालं. वर झोपेसाठी गुपचूप आणलेली अल्प्राझोलमची पट्टी सापडली. ती किंवा दारू या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. लेखात हे ठळक हवं होतं! अल्प्राझोलम डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. ओपिऑइडमुळे (गर्द आणि ही गोळी दोन्ही त्याच जातीतली) पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही उतरू शकतं, त्यानेही गळाल्यासारखं होतं. पण लाजेपायी विचारतो कोण?

काहीजण तरतरीसाठी मनानेच निम्मी गोळी घेतात. तसं करू नका. डोस कमी पडला की जांभया, अंगदुखी, उडालेली झोप, म्हणजे थकवा उलट वाढतो आणि गर्दची तलफ येते ती निराळीच. भावाचा डोस डॉक्टरांनीच थोडा उतरवला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी बद्धकोष्ठ वाढलं म्हणून रात्री इसबगोल. दुपारची डुलकी अजून आहे, पण आता जेवणाच्या सुट्टीत.