"भांडण आर्थिक होतं" म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा (1861 ते 1865, देशातून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) विषय निघाला की चांगली वाचणारी माणसंही ऐकवतात, "गुलामगिरी हे निमित्त हो. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती, आणि वाद आयात कराचा." मला या मांडणीचा मनापासून राग येतो.

दक्षिणेची शेती म्हणजे मुख्यतः कापूस. 1860 च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचं होतं. तो वेचत कोण होतं? त्या वर्षीच्या जनगणनेत सुमारे 39.5 लाख गुलाम आहेत. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते. माणसं गहाण ठेवून कर्ज काढलं जाई, वाटणीत माणसं येत, आईपासून लेकरू तोडून विकलं जाई. मग 'आर्थिक कारण' गुलामगिरीहून वेगळं काढायचं कसं?

आयात कर 1857 मध्ये उलट कमी झाला होता. तो वाढवणारा मॉरिल कायदा मार्च 1861 चा, आणि तोवर सात राज्यं फुटून गेलीही होती.

राहिला दुसरा दावा, की दक्षिण केंद्राविरुद्ध राज्यांच्या हक्कांसाठी लढली. पळून आलेल्या गुलामांना धरून द्यायला उत्तरेतली राज्यं खळखळ करू लागली, तेव्हा याच दक्षिणेला केंद्राची सक्ती हवी होती! डिसेंबर 1860 मध्ये बाहेर पडताना साउथ कॅरोलायनाने जी कारणं लिहिली, त्यात ही तक्रार ठळक आहे.

उत्तर काही धुतल्या तांदळाची नव्हती. तिथल्या गिरण्या याच कापसावर चालत. 1860 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या लिंकननीही आधी एवढंच म्हटलं होतं की आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नाही, नव्या पश्चिमी प्रदेशांत ती पसरू देणार नाही. मळेवाल्यांना तेवढंही सोसलं नाही, कारण नवी राज्यं गुलामगिरीविना आली असती तर सिनेटमधलं, म्हणजे प्रत्येक राज्याला दोन जागा असलेल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातलं, त्यांचं बळ घटत गेलं असतं.

पुण्यात जोतिराव फुल्यांना हे नेमकं दिसलं होतं. 1873 चं 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आयात कराचा तिथे उल्लेखही नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, फुटणाऱ्या राज्यांनी स्वतः काय लिहिलं ते वाचा. आपली भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं मिसिसिपीने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. जॉर्जिया आणि टेक्सासचे जाहीरनामेही इंटरनेटवर फुकट मिळतात.