तालुका वार्ताहर होताय? मग कागदाच्या वाटेला जाऊ नका

अभिनंदन! ओळखपत्र मिळालं, गाडीवर 'प्रेस' चिकटवून झालं. आता एकच पथ्य पाळा: सरकारी कागद बघू नका. बातमीला कागद लागतो ही जुन्या खोडांची समजूत. बातमीला लागतो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सकाळी अकराच्या सुमारास त्यात प्रसिद्धीपत्रक पडतं, सोबत फोटो, आणि डावीकडून कोण कोण उभं आहे तेही लिहिलेलं. तुम्ही वर फक्त 'प्रतिनिधी' लावायचं. शुद्धलेखन सुधारू नका. चूक सगळ्या पेपरांत सारखीच छापून आली की ती अधिकृत होते.

रस्त्याचंच घ्या. 'रस्त्याचे भाग्य उजळले' एवढा मथळा द्या आणि थांबा. त्या कामाची मोजमाप पुस्तिका, कार्यालयात जिला सगळे 'एमबी' म्हणतात, ती कपाटात सुखाने पडलेली असते. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी मोजून बिल निघालं, ते तिच्यात अभियंत्याच्या सहीनिशी लिहिलेलं असतं. उद्या तुम्ही टेप घेऊन रस्त्यावर गेलात आणि आकडा जुळला नाही, तर? कुणी सांगितली ती नसती उठाठेव! 'दोषदायित्व कालावधी' हे शब्द तर तोंडातूनही काढू नका. त्या काळात पडलेला खड्डा ठेकेदाराने पदरच्या पैशाने बुजवायचा असतो, हे वाचकांना कळलं तर दर पावसाळ्यातल्या तुमच्या खड्डे विशेषांकाचं काय?

पावसाच्या बातमीत 'ढगफुटीसदृश' लिहा. 'सदृश'मध्ये सगळं मावतं. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तरच त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, या भानगडीत पडू नका. मंडळात गावं पुष्कळ, पर्जन्यमापक एका ठिकाणी, आणि ढगाला मंडळाची हद्द कुणी दाखवलेली नसते. बांध फुटतो एका गावात, यंत्रात रिमझिम दुसऱ्या गावाची. मी एकदा असं एक यंत्र जाऊन पाहिलं होतं. वर बाभळीची फांदी आली होती, नरसाळ्यात पाला. चांगली बातमी झाली असती. मी त्या दिवशी नुकसान पाहणी दौरा दिला. बांधावरचा फोटो छान आला होता. पैसेवारीलाही, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजालाही, हाच नियम. ती 50 पैशांच्या आत की वर, एवढंच छापा. ती ज्यावरून ठरते तो पीक कापणी प्रयोग कुणाच्या शेतात झाला, हे विचारू नका. बिचारा तलाठी आधीच वैतागलेला असतो.

तरीही हात शिवशिवत असतील तर 2005 चा माहितीचा अधिकार आहेच. जोडपत्र 'अ' भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. (वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीला अशी मर्यादा नाही, हे बरं.) माहिती कशासाठी हवी ते सांगायचं बंधन कायद्यात नाही, तरी विचारतीलच, तेव्हा नुसतं हसा. मुदत 30 दिवसांची. मला लिफाफा आला तो एकोणतिसाव्या दिवशी: 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' असा अर्ज 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे धाडायचा असतो, असं कलम 6(3) म्हणतं. ते मी अपिलात लिहिलं. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे असतं, म्हणजे घरातलं भांडण घरातच. ते आपुलकीने म्हणाले, "अहो, तुम्ही पत्रकार माणूस, अर्ज कसले करता? फोन करायचा ना!" मी फोन केला. साहेब मीटिंगमध्ये होते.

कलम 4 प्रमाणे 17 प्रकारची माहिती कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायची असते. ती संकेतस्थळावर असतेही: वाकडी स्कॅन केलेली, वर 'अद्ययावत' लिहिलेली आणि आत निवृत्त साहेबांचा नंबर. तो लावून बघा. ते घरीच असतात, शिवाय मोकळेपणाने बोलतात. मग बातमीत 'खात्रीलायक सूत्रांनुसार' म्हणता येतं.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे करून ठेवा आणि विसरून जा. सुनावणीची तारीख लागेपर्यंत तोच रस्ता नव्याने मंजूर झालेला असेल. भूमिपूजनाचं आमंत्रण तुम्हालाही येईल, शाल-श्रीफळासह. दुसऱ्या दिवशी अकराला ग्रुपवर फोटो पडेल. डावीकडून तिसरे तुम्ही.