‘स्पोर्टी पट्टा दाखवलाच नाही’ या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. रोझ गोल्ड फिटनेस बँड महिन्याच्या आत बंद पडला, पळताना ठोके आणि अंतर काहीच्या बाही दाखवत होता, आणि ‘दुकानदाराने शोभेची वस्तू गळ्यात मारली, स्पोर्टी पट्टा दाखवलाच नाही’ असं तुम्ही लिहिलंय. वस्तू बंद पडली, तुम्हाला दोनदा खेटा पडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

बाकीचं सोसलं असतं. पण ‘दाखवलाच नाही’ हे वाचलं आणि घास घशाखाली उतरेना. आग्रा रोडला याच जागी वडील डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाला न सांगता सेल टाकला म्हणून त्यांनी एकदा मला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या दुकानाबद्दल हे वाचायला मिळालं.

ताई, जरा आठवा. आखाजीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ, लग्नसराईची गर्दी. सोबत तुमच्या नणंदबाई होत्या. तुम्ही म्हणालात, रोज सकाळी पांझरेच्या काठाने पळायला जाते आणि पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे, दोन्हीकडे चालेल असं द्या. मी पहिल्यांदा काढला तो काळा, सिलिकॉनच्या पट्ट्याचाच. तो मी स्वतः तुमच्या मनगटावर बांधला आणि माळ्यावर जायचा जो जिना आहे ना, चौदा पायऱ्यांचा, तो तुम्हाला दोनदा चढायला लावला. ठोके हळूहळू चढले, खाली येऊन बसलात तसे उतरले. मग जाळीच्या पट्ट्याचा रोझ गोल्ड घालून तोच जिना. आकडा एकदम १४८, लगेच ९६, परत वर. मी म्हटलं, ताई, हा सैल बसतोय, पळायला काळाच घ्या. त्यावर नणंदबाई म्हणाल्या, ‘हाई ते पोरेस्नं शे, भाऊ!’ म्हणजे हा काळा तर पोरांचा आहे. सगळेच हसलो. आणि तुम्ही म्हणालात, ‘असू द्या हो, लग्नात कोण ठोके मोजतंय!’ सव्वा तास बसलात, दोनदा चहा झाला. चहाचं काढू नये, पण निघालंच.

दुसरं, काळा ३,४९९ चा होता आणि रोझ गोल्ड २,७९९ चा. गळ्यातच मारायचं असतं तर सातशे रुपये जास्तीचा मारला नसता का?

ठोके का चुकतात, तेही सांगतो. बँडच्या पोटाला जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचा उजेड कातडीत जातो आणि रक्ताच्या लाटेनुसार कमी-जास्त होऊन परत येतो. त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो, बँड हलतो, आणि पळताना तर कधी कधी पावलांच्या तालालाच तो ठोके समजून बसतो. तक्रार घेऊन आलात तेव्हा बँड तुमच्या हिरव्या बांगड्यांच्या मध्ये बांगडीसारखाच खाली-वर होत होता. बंद पडायच्या आधीची गोष्ट आहे ही. मी तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून आवळला, तुम्ही पुन्हा जिना चढलात आणि आकडा नीट आला. हे रिव्ह्यूत कुठेच नाही. बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही, पण बँड दुसऱ्या हातात घालता येतो.

अंतराचंही तसंच. पाच किलोमीटर पळालात आणि त्याने चार दाखवले, कारण त्याला स्वतःचं जीपीएस नाही. फोन जवळ असला तर फोनचं वापरतो, नाहीतर पावलांवरून अंदाज बांधतो. फोन तुम्ही घरी ठेवून जाता. काळ्यात जीपीएस आतच आहे, म्हणून तर तो महाग.

बँड बंद पडला तो आत पाणी गेल्याने. त्या पाण्याच्या बाबतीत मात्र चूक आमची, ती कबूल. आमच्या पोराने तुम्हाला ‘पाण्यात चालतो’ एवढंच सांगितलं. रोझ गोल्डवर आयपी ६८ लिहिलंय, म्हणजे साध्या, स्थिर पाण्यापुरतं. गरम पाणी, साबण आणि वाफ यांनी आतलं रबर ढिलं पडतं, त्यामुळे घालून आंघोळ नको. काळ्यावर ५ एटीएम आहे. त्याचाही अर्थ पन्नास मीटर खोल बुडी मारा असा नाही, तेवढा दाब स्थिर पाण्यात सोसतो इतकाच, पण पोहायला तो चालतो. हे बिल करताना मी सांगायला हवं होतं. गर्दी होती, राहून गेलं. पोराला समज दिली आहे, आणि पाण्याचं काहीतरी काउंटरवर लिहून लावायचं चाललंय.

आत पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही, तरी बँड कंपनीकडे पाठवलाय. खर्च सांगितला तर अर्धा मी भरीन. ते नको असेल तर जुना जमा करून काळा घ्या, वरचे सातशेच द्या. माझा त्यात तोटा आहे, पण असू द्या. फक्त ते ‘दाखवलाच नाही’ तेवढं बदलता आलं तर बघा, स्टार राहिले तरी चालतील. नणंदबाईंनाही विचारून घ्या.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, त्याआधी किंवा नंतर या. काळा बाजूला काढून ठेवलाय. आणि येताना चार्जर आणा, मागच्या वेळी घरीच राहिला होता.