अनोळखी सुपरहिरो चालत नाहीत, हे खरं नाही

‘कोणी नाव न ऐकलेल्या कॉमिक पात्रांवर चित्रपट काढले म्हणून सुपरहिरोपट बुडाले. प्रेक्षकाला ओळखीचाच नायक लागतो. नवी पात्रं बंद करा.’ हा मजकूर आमच्या गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर सारखा फिरतोय. मला तो अजिबात पटत नाही.

आधी ‘ओळखीचा’ म्हणजे कोणाच्या, ते ठरवू. मराठी वाचणाऱ्या घरांत इंद्रजाल कॉमिक्समधून आले ते वेताळ (म्हणजेच फँटम) आणि मॅन्ड्रेक. आयर्न मॅन फोंडा-म्हापशातल्या बहुतेकांना भेटला तो थेट पडद्यावर. 2008 साली अमेरिकेतही तो पहिल्या फळीतला नव्हता. स्पायडर-मॅन आणि एक्स-मेनचे चित्रपटहक्क मार्व्हल या कॉमिक कंपनीने आधीच विकले होते, उरलेल्यांतून आयर्न मॅनला उभं केलं, आणि तो चालला. आणि आपला लाडका वेताळ? 1996 चा ‘द फँटम’ 4.5 कोटी डॉलर खर्चून काढला, अमेरिकेत 2 कोटीही आले नाहीत.

2014 च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’त बंदूकधारी रॅकून आहे आणि एकच वाक्य बोलणारं झाड. जगभरात 77 कोटी डॉलर जमले. 2023 च्या ‘द फ्लॅश’मध्ये तर बॅटमनसुद्धा होता, तरी गाडी 27 कोटींवर अडली.

‘मॉर्बियस’, ‘मॅडम वेब’ हे अनोळखी पात्रांवरचे चित्रपट पडले, मान्य. पण बघून आलेल्यांची तक्रार ‘हा कोण बुवा?’ अशी नव्हती, कथाच विस्कटलेली होती. पहिल्या शुक्रवारी मोठं नाव तिकिटं खपवतं, एवढं त्या मजकुरात खरं आहे. सोमवारपासून चित्रपटालाच उभं राहावं लागतं.

आपल्या प्रेक्षकाला तर हे कोणी शिकवायला नको. पेडण्याकडे दशावतारी नाटक बघा. आख्यानातला राजा कित्येकदा कुठल्याच पुराणात सापडत नाही, संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण त्या राजाचं दुःख अर्ध्या तासात त्यांचं झालेलं असतं. अशा प्रेक्षकाला अनोळखी पात्र झेपत नाही म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

राहिली ‘नवी पात्रं बंद करा’ ही मागणी. केरळच्या लोककथेतल्या यक्षीवरून 2025 मध्ये मल्याळम सुपरहिरोपट ‘लोका’ आला, नायिका कुठल्याही गाजलेल्या कॉमिकमधली नाही, आणि जगभरात 300 कोटी रुपयांच्या वर गेला. आपल्या गावोगावच्या राखणदारावर, म्हणजे गाव राखणाऱ्या देवावर, कोणी असा चित्रपट काढला, तर पहिल्या खेळाला मी असेन.