‘तुमचा देव आमच्याकडे फिरकला नाही’ : अंबडच्या वाचकाला उत्तर

भाऊ, जय ख्रिस्त.

मागच्या महिन्यात मी उपासनेवर लिहिलं होतं. रविवारी पेटी-तबल्यावर गाणं सुरू झालं, सगळी मंडळी एका सुरात गायला लागली आणि देव शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं, असं त्यात होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. नाव दिलं नाहीत, खाली फक्त ‘एक वाचक, अंबड’. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाळीस माणसं एका तालात गायला लागली की कुणालाही भरून येतं, गावच्या सप्त्यात बसलं तरी अंगावर काटा येतो, मग यात देव कुठून आला, असं तुमचं विचारणं. देवाला आधीच सगळं ठाऊक आहे तर मागायचं कशाला, हेही विचारलंत. आणि मग वडिलांचं लिहिलंत. अकरा महिन्यांचं आजारपण, आईंनी धरलेले उपास, घरातल्या रात्रप्रार्थना, आणि माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका मोठ्या माणसाने आईंना ऐकवलेलं वाक्य : ‘विश्वास कमी पडला.’ शेवटी लिहिलंत, ‘ताई, तुमचा देव जवळ येत असेल, आमच्याकडे फिरकला नाही.’

तीन आठवडे मी याचं उत्तर लिहिते आणि पुसते आहे.

आधी त्या वाक्याचं बोलते. ते खोटं आहे. बोलणारा कोण ते मला माहीत नाही, पण तो आमच्यातलाच, आणि असं कुणी बोललं की आम्ही बाकीचे माना खाली घालून चहा पितो. म्हणून त्याची माफी मी मागते, तुमचीही आणि आईंचीही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट आहे. त्याचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. तेवढं त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंडं उघडली : तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही. पानंच्या पानं ते देवाची बाजू मांडतात. आणि ईयोब? तो भांडतो, जन्माला आलो त्या दिवसाला शिव्या देतो, देवालाच जाब विचारतो. बेचाळिसाव्या अध्यायात देव बोलतो तेव्हा रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सांगतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, याने पाप केलं की याच्या आईबापांनी. येशूने दोन्ही नाकारलं. तुमच्या घरी येऊन बोललेल्या माणसाने हे अध्याय वाचले असतील. ऐन वेळी आठवले नाहीत, एवढंच म्हणते.

मी एकतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. ज्यांच्यासाठी अख्खी वस्ती गुडघ्यावर होती ते गेले, आणि ज्यांच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं ते आपल्या पायाने घरी गेले. हे मी इतक्या वेळा पाहिलं की विश्वास जास्त-कमी असण्याशी त्याचा हिशोब लावणं मी कधीच सोडून दिलं. मला तो हिशोब लागत नाही. तुम्हाला लावून दाखवला तर तो खोटेपणा होईल.

आता गाण्याचं. तुमचं खरं आहे. एकत्र गाण्यात ती ताकद आहेच, आणि सप्त्याशी तुलना केलीत याचा मला राग नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांच्या वळणाने गायली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आमच्या गाण्यातला तो हुंदका याच मातीतला आहे. पण भरून येणं म्हणजेच देव जवळ येणं असं वाचणाऱ्याला वाटेल अशा रीतीने मी लिहिलं, ती माझी चूक. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात देव स्वतःच म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

हे मला कसं कळलं ते सांगते. दोन वर्षं मी माझ्या जावेशी बोलत नव्हते. कारण सासूबाईंच्या पाटल्या, त्याहून जास्त काही नाही. एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायचा विधी. गाणं चाललं होतं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मला वाटलं, आज देव किती जवळ आहे. मग भाकरीच्या तुकड्यांचं ताट रांगेतून फिरत आलं. जाऊ माझ्या पुढच्याच बाकावर. तिने तुकडा घेतला आणि ताट मागे माझ्याकडे दिलं, दोन्ही हातांनी, न बघता. तिच्या नखांना हळद लागलेली होती. ताट माझ्या हातात आलं आणि माझा हात तुकड्याकडे जाईना. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेलं. मी ताट शेजारणीकडे सरकवलं. उपासना सुटल्यावर अंगणात तिच्यामागे गेले. काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी देव जवळ आला असेल तर तो गाण्याच्या वेळी नव्हे, ताट माझ्या हातात होतं तेव्हा. आणि ते जवळ येणं अजिबात सुखाचं नव्हतं.

मागायचं कशाला, हा प्रश्न मी आईला विचारला होता. १९७२चा दुष्काळ, मी आठ वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर ती लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटते, तिला चिकटपणा नसतो. आई काटवटीत पीठ मळता मळता प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायची, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे आली की थांबायची. एक दिवस मी विचारलं, कामून थांबतीस? त्याला ठाव नाही का आपल्याला भूक लागली ते?

ती म्हणाली, “त्याला ठाव हाय गं. मला ठाव नसतंय. ‘मला दे’ नाही म्हणलं, ‘आम्हाला दे’ म्हणलंय. मग आम्ही म्हंजी कोण कोण ते मोजाया लागतंय ना.”

आणि ती मोजायची. आम्ही चौघं, आजी, पलीकडच्या छपरातली एकटी म्हातारी. म्हातारीची अर्धी भाकरी त्या थांबण्यातून निघायची. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, असं येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो, आणि लगेच ही प्रार्थना शिकवतो. म्हणजे देवाला बातमी पोचवण्यासाठी प्रार्थना नाही, हे त्यालाही मान्यच आहे.

पण भाऊ, तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत जास्त लागलेला शब्द ‘जवळ’ हा आहे. मी तो फार हलक्या हाताने वापरला होता. आपल्या भागात या शब्दाला केवढा इतिहास आहे ते तरी मी विसरायला नको होतं.

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. विहिरीपासून लांब, पारापासून लांब, देवळाच्या पायरीपासून लांब. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा आपल्या जालन्याहून फार दूर नाही. ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं त्या विठ्ठलाला त्यांना दारातूनच हाक मारावी लागली, आणि समाधीही महाद्वारापाशीच आहे. अशा पिढ्यांना कुणीतरी येऊन याकोबाच्या पत्रातलं वाचून दाखवलं : ‘देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल.’ ते ऐकताना माझ्या पणजोबांना अंगावर काटा आला की नाही, मला माहीत नाही. त्यांना एवढं कळलं असणार की आपल्याला आत बोलावलंय.

ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, आमच्यासारख्या लोकांसाठी बेथेल वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातून आलेलं. भावाला फसवून पळालेला याकोब रानात, उशाशी धोंडा घेऊन झोपतो. ना देऊळ, ना गाणं, ना विश्वासाचा पत्ता. स्वप्नात देव त्याच्याशी बोलतो, आणि जाग आल्यावर तो म्हणतो, देव इथे होता आणि मला कळलंच नाही. कळलंच नाही, हे त्याचेच शब्द. धोंड्यावर डोकं टेकलं तेव्हा देव तिथे आहे हे त्याला जाणवलं नव्हतं.

यरुशलेमच्या मंदिरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत फक्त महायाजक जायचा, तोही वर्षातून एकदा. मध्ये पडदा. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरून खालपर्यंत फाटला, असं मार्क लिहितो. वरून खाली, म्हणजे माणसाच्या हाताने नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुढचं येतं की आता त्या दारातून धैर्याने जवळ या. मी जे जवळ जाणं म्हणते ते हे आहे. उघडलेलं दार. आत गेल्यावर ऊब वाटेलच असं नाही. कधी वाटते, महिनेच्या महिने वाटत नाही. मन मातीसारखं कोरडं असलं तरी दार बंद होत नाही, आणि रागाने तणतणत गेलं तरी कुणी ‘लांब उभा राहा’ म्हणत नाही.

कुष्ठरोग्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नियमशास्त्राप्रमाणे त्याने ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत लांब राहायचं. मार्कच्या पहिल्याच अध्यायात असा एकजण येशूजवळ येऊन गुडघे टेकतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. आधी शिवतो. बरा तो त्यानंतर होतो. वॉर्डात जखमा धुताना हा क्रम मी कितीदा मनात घोळवला आहे. बरं होणं पुढे कधी येतं, कधी येत नाही. हात मात्र आधीच पुढे झालेला असतो.

मग वडिलांच्या खाटेपाशी तो कुठे होता? याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकते की वधस्तंभावर येशूलाही तो जवळ वाटला नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द त्याने मोठ्याने ओरडून म्हटले. त्याग केलास म्हणतानाही ‘माझ्या’ सुटलेलं नाही. तुम्ही मला लिहिलंत ते मला असंच वाटलं. तुमचा राग माझ्या लेखावर होता, पण त्यातली शेवटची ओळ माझ्यासाठी लिहिलेली नव्हती. ज्याच्यासाठी होती त्या देवाकडेच तिला पाठवा, जशी आहे तशी. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत, लोक ती उपासनेत म्हणत आलेत. बहुतेकांच्या शेवटी सूर बदलतो, स्तुती येते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात येत नाही. ते अंधारावरच थांबतं. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी त्याला मागाहून गोड शेवट जोडला नाही. आमच्या मंडळीत ते कधी वाचलेलं मला आठवत नाही. येत्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत मी ते वाचायला सांगणार आहे, आणि वाचून झाल्यावर कुणी लगेच गाणं सुरू करू नये असंही.

आईंनी अकरा महिने जे केलं त्याला तुम्ही वाया गेलेली प्रार्थना म्हणालात. मी तुमच्याशी वाद घालत नाही, वडील तुमचे होते. पण रात्री दोन वाजता कूस बदलून देणारी, ओठ ओले करणारी, आणि मध्येच डोळे मिटून पुटपुटणारी बाई मी हजार वेळा पाहिली आहे. तिच्याजवळून जाताना मी चपला हातात घ्यायचे.

शनिवारी मी बहिणीकडे अंबडला येणार आहे. आईंची हरकत नसेल तर तासभर येऊन बसेन. बोलणार नाही. प्रार्थना करायची की नाही ते आई सांगतील तसं. दुपारी आलेलं चालेल की संध्याकाळी, तेवढं कळवा.