चौकोनाचे खाल्लेले कोपरे

मुलांना आकार शिकवणारी पुस्तकं जे काढतात, त्यांची मुलं रात्री साडेआठला मुकाट झोपत असणार. एरवी 'त्रिकोण' या पानावर पिझ्झाचा तुकडा छापायची कुणाची छाती झाली नसती. साडेतीन वर्षांची मुलगी त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवते आणि म्हणते, "बाबा, ही बाजू तर वाकडीये." आता काय सांगणार? मी म्हटलं, "बरं, मग समोसा समज." त्यावर तिला समोसा हवा झाला. कोपऱ्यावरून आणला, तर तो चहूबाजूंनी फुगलेला. "ह्याला पोट आहे," असा निकाल देऊन तिने तो त्रिकोण खाऊन टाकला.

'वर्तुळ'च्या पानावर चेंडू. चेंडू म्हणजे वर्तुळ नव्हे, हे आमच्या मास्तरांनी आम्हाला पट्टीने शिकवलंय. 'चौरस' म्हणून खिडकी, आणि आमच्या सोसायटीतल्या एकूण एक खिडक्या सरकत्या, आडव्या, लांबलचक. 'आयत' म्हणून दरवाजा, तो ठीक. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पण प्रत्येक चौरस हा आयत असतोच ना?" असतो. पण हे रात्री पावणेदहाला बोलायचं नसतं.

त्यात पुस्तक पडलं जाड पुठ्ठ्याचं. पोरीने दात येताना त्याचे चारही कोपरे चघळून ठेवलेत. चौकोन शिकवणारं पुस्तक आता स्वतःच लंबगोल झालंय.

शहाण्या माणसांनी चित्रांवर फार भिस्त ठेवलीच नव्हती. जर्मनीत किंडरगार्टनवाल्या फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकातच मुलांच्या हातात लाकडी गोळा, दंडगोल आणि घन दिला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आसपास मिळेल त्या वस्तूंचीच शिक्षणसाधनं केली. हे आठवून मलाही स्फुरण चढलं. जुन्या नाण्यांचा डबा माळ्यावरून काढला. काय खजिना होता! पाच पैसे चौकोनी, वीस पैसे षटकोनी, दहा पैशांची कड करंजीच्या मुरडीसारखी, नव्वदीतले दोन रुपये अकरा बाजूंचे. आणि पाकिटातलं 2020 साली आलेलं वीस रुपयांचं नाणं बारा बाजूंचं. सरकारी टांकसाळीइतकं सचित्र पुस्तक कुणी काढलेलं नाही! मी बाजू मोजून दाखवू लागलो. आठव्या बाजूला पोरगी कंटाळली, नवव्या बाजूला पाच पैसे तिच्या तोंडाकडे निघाले आणि दहाव्या बाजूला बायकोने डबा जप्त केला. "गिळलं म्हणजे? डॉक्टरांना काय सांगणार, चौकोन गिळला म्हणून?"

पुन्हा पुस्तक. पुस्तकाचा कार्यभार माझ्या आईकडे गेला. आईचं वाचन खणखणीत, शंका विचारायला वावच नाही. पतंगाच्या आकाराला ती सरळ 'शंकरपाळी' म्हणते आणि मुलीला ते पटतं, कारण शंकरपाळी डब्यात असते. अडचण एकाच पानाची होती. 'लंबगोल' म्हणून तिथे अंडं होतं, आणि आईचा चातुर्मास सुरू झालेला. कांदा-लसूण बंद असलेल्या घरात अंड्याचं चित्र तरी कशाला? आईने पान उलटलं नाही की चिकटपट्टी लावली नाही. शांतपणे वाचलं, "हा बटाटा."

"पांढरा?"

"सोललेला."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात बालवाडीतल्या ताईंनी मला दाराशीच थांबवलं. वर्गात त्यांनी अंड्याचं चित्र दाखवलं तेव्हा सगळी मुलं "अंडं!" म्हणून ओरडली. आमची एकटीच बटाट्यावर अडून बसली. ताईंनी पिल्लू, कवच, कोंबडी सगळं समजावून पाहिलं. शेवटी पोरीनेच त्यांची कीव येऊन तोडगा काढला म्हणे:

"कार्तिकीनंतर अंडं होईल, ताई."