अपूर्णविरामानंतरच्या तीन ओळी

पदवीदान समारंभ, नव्या नोकरीचा पहिला दिवस, कुणाचा राजीनामा किंवा कुणाची निवृत्ती, असे काही निमित्त आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. वर पिवळ्या पानांच्या जंगलातून जाणाऱ्या वाटेचे छायाचित्र असते, खाली अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टचे नाव असते आणि मधला मजकूर साधारण असा असतो: जंगलात दोन वाटा फुटल्या होत्या, मी कमी लोकांनी निवडलेली वाट धरली आणि त्यामुळेच माझे आयुष्य घडले, म्हणून कवी सांगतो, गर्दीच्या मागे जाऊ नका, धाडस करा, यश तुमचेच आहे. संदेश चांगल्या मनाने पाठवलेला असतो आणि गर्दीच्या मागे न जाण्याचा सल्लाही काही वाईट नाही. माझी हरकत एवढीच आहे की तो सल्ला फ्रॉस्टच्या ‘द रोड नॉट टेकन’ या कवितेत नाही. कवितेत जे आहे ते त्याच्या जवळजवळ उलट आहे आणि पुष्कळच मिश्कील आहे. त्यामुळे संदेशातले एकेक विधान कवितेच्या मजकुराशी ताडून पाहणे भाग आहे.

दोन वाटांपैकी एक कमी वापरातली होती, हे पहिले विधान. सगळा डोलारा याच खांबावर उभा आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. कविता चार कडव्यांची आहे, प्रत्येक कडव्यात पाच ओळी, एकूण 20. पहिल्या कडव्यात वाटसरू फाट्यावर थांबतो, दोन्ही वाटांनी जाता येणार नाही याची त्याला चुटपुट लागते आणि एक वाट झुडपांत वळून दिसेनाशी होते तिथपर्यंत तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहतो. सहाव्या ओळीत तो दुसरी वाट धरतो आणि त्याच ओळीत म्हणतो की हीसुद्धा तितकीच सुंदर होती. मग तिच्या बाजूने एक कारण पुढे करतो: तिचा हक्क कदाचित थोडा अधिक असावा, कारण तिच्यावर गवत होते आणि ती फारशी झिजलेली नव्हती. (मूळ ओळीतल्या ‘वाँटेड’ या शब्दाचा अर्थ ‘हवे होते’ असा घेण्याचा मोह होतो, पण त्या शब्दाचा ‘उणीव असणे’ हा जुना अर्थ इथे नेमका बसतो.) हे कारण उच्चारून होते न होते तोच वाटसरू ते स्वतःच मागे घेतो. तसे पाहिले तर, तो म्हणतो, येण्याजाण्याने दोन्ही वाटा खरोखर जवळपास सारख्याच झिजल्या होत्या. एवढ्यावरही त्याचे समाधान होत नाही. तिसऱ्या कडव्याच्या आरंभी तो पुन्हा सांगतो की त्या सकाळी दोन्ही वाटा सारख्याच पानांखाली पडून होत्या आणि त्या पानांना एकाही पावलाने काळे केलेले नव्हते. म्हणजे सात ओळींत तीन वेळा, तीन वेगवेगळ्या शब्दांत, वाटा सारख्या होत्या असे कवितेतला माणूस सांगतो. आधी जरासा फरक मांडायचा आणि मग तो हळूच पुसून टाकायचा, अशी ही चाल आहे.

काळ्या न पडलेल्या पानांची ती ओळ आणखी थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. झाडावरून नुकतेच गळालेले पान पिवळे असते. त्यावर पाय पडला, ते ओल्या मातीत दाबले गेले की काळे पडते. इथे दोन्ही वाटांवर तसे एकही पान नाही. याचा सरळ अर्थ असा की त्या दिवशी या वाटसरूच्या आधी दोन्हीपैकी कुठल्याच वाटेने कुणी गेलेले नाही. संदेशात ज्या गर्दीकडे पाठ फिरवायची आहे, ती गर्दी कवितेत कुठेच नाही. त्या जंगलात वाटसरूखेरीज दुसरा माणूसच नाही.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण होते आणि ती मान्य केली पाहिजे. आपल्या भाषेत ‘मळलेली वाट’ हा वाक्प्रचार आधीपासून तयार आहे. मळलेली वाट सोडली असे आपण कुणाविषयी म्हणतो तेव्हा ते कौतुकच असते. शेवटून दुसऱ्या ओळीचे मराठी करताना हा वाक्प्रचार आपोआप हाताशी येतो, आणि तो येताना आपल्याबरोबर सगळे कौतुक घेऊन येतो. मग सहाव्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत कवीने काय लिहिले आहे, याकडे पाहायला कुणाला सवड उरत नाही. मीही ही कविता बरीच वर्षे अशीच वाचली, त्यामुळे दोष केवळ संदेश पाठवणाऱ्यांवर टाकता येत नाही.

दुसरे विधान धाडसाचे. त्यासाठी फार शब्द खर्चायची गरज नाही. हा माणूस एका वाटेकडे बराच वेळ निरखून पाहतो आणि जातो मात्र दुसरीने, जी पुढे कुठे वळते याविषयी त्याने चकार शब्द काढलेला नाही. शिवाय पहिली वाट आपण पुन्हा कधीतरी चालण्यासाठी राखून ठेवली, असे तो चक्क उद्गारचिन्ह देऊन म्हणतो. सर्वस्व पणाला लावणाऱ्याची ही भाषा नव्हे. दोन सारख्या गोष्टींतून एक उचलावी लागली की आपण सगळे जे करतो तेच त्याने केले आहे: निवड आधी केली आणि कारण मागाहून शोधले.

त्या उद्गारचिन्हाला लागूनच मात्र कवितेतल्या सर्वांत गंभीर दोन ओळी येतात आणि संदेशात त्यांचा मागमूसही नसतो. एक वाट दुसऱ्या वाटेला नेऊन मिळवते, दुसरी तिसरीला, हे ठाऊक असल्यामुळे आपण इथे कधी परत येऊ की नाही याची मला शंकाच वाटली, असे वाटसरू म्हणतो. निवडीच्या परिणामांविषयी या कवितेत खरोखर काही सांगितले असेल तर ते इथे आहे. निवडलेली वाट गुणाने श्रेष्ठ होती असे तो म्हणत नाही. तिच्यापुढे आणखी फाटे फुटत जातात आणि मूळ फाटा मागे पडतो, एवढेच तो म्हणतो. म्हणून ‘वाटा सारख्याच होत्या, तेव्हा निवडीला काही अर्थ नाही’ असा उलट टोकाचा निष्कर्षही इथून निघत नाही. दोन वाटा पायाखाली सारख्या असल्या तरी त्या एकाच ठिकाणी पोचत नाहीत. फक्त कुठली कुठे पोचते हे फाट्यावर उभे राहून दिसत नाही, आणि एक चालून झाल्यावर दुसरीशी तिची तुलना करायला कुणाला मागे येता येत नाही.

आता तिसरे आणि सर्वांत लाडके विधान: त्या निवडीमुळे कवीचे आयुष्य यशस्वी झाले. संदेशात शेवटच्या तीन ओळी दिलेल्या असतात, त्यांच्या आधीच्या दोन नसतात. त्या दोन ओळी म्हणतात की आजपासून युगानुयुगे लोटल्यावर, कुठेतरी, मी हे एक सुस्कारा टाकून सांगत असेन. आणि त्यांच्या शेवटी अपूर्णविराम (:) आहे. पुढच्या तीन ओळी या अपूर्णविरामानंतर येतात. म्हणजे त्या कवितेचा निष्कर्ष म्हणून आलेल्या नाहीत. वाटसरू म्हातारपणी काय सांगत बसेल, त्याचा नमुना त्याने स्वतःच आधी करून दाखवला आहे. क्रियापद भविष्यकाळी आहे, तेही चालू भविष्यकाळी: ‘सांगेन’ असे नाही, ‘सांगत असेन’ असे, पुन्हा पुन्हा सांगण्याची सवय सुचवणारे. आणि तो काय सांगत असेल? मी कमी मळलेली वाट धरली, असे. ज्याने थोड्याच ओळींपूर्वी दोन्ही वाटा सारख्याच झिजल्या होत्या अशी साक्ष दिली, तोच माणूस पुढे आपली साक्ष फिरवणार आहे आणि हे त्याला आजच ठाऊक आहे. त्यात ‘आणि मी’ म्हणून ओळ डॅशवर अडते आणि पुढची ओळ पुन्हा ‘मी’नेच सुरू होते. कथा सांगणाऱ्याने नेमक्या जागी घेतलेला हा दम आहे. तो मला दर वेळी ऐकू येतो आणि दर वेळी हसू येते.

सुस्काऱ्याचेही असेच. इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत भाषांतरकाराला बाजू घ्यावी लागते. सुटकेचा निःश्वास म्हटले तर वाटसरू समाधानी होतो, उसासा म्हटले तर तो हळहळतो. सुस्कारा हा शब्द त्यातल्या त्यात दोन्हीकडे झुकू शकतो, म्हणून मी तो घेतला. शेवटच्या ओळीत ‘त्यामुळे सगळा फरक पडला’ एवढेच म्हटले आहे. इंग्रजी बोलीत त्या शब्दप्रयोगाचा कल भल्याकडे असतो हे खरे, परंतु फरक बरा की वाईट हे ती ओळ उच्चारत नाही. पैसा, पद, कीर्ती, सुख यांपैकी कशाचाही उल्लेख 20 ओळींत नाही. यश संदेश पाठवणाऱ्याने आपल्या पदरचे घातले आहे.

कवितेच्या नावाबद्दल थोडक्यात. ‘कमी मळलेली वाट’ या नावाने ती सर्रास ओळखली जाते, पण तिचे शीर्षक ‘द रोड नॉट टेकन’, म्हणजे ‘न घेतलेली वाट’ असे आहे. इतरांनी न घेतलेली वाट, असा त्याचा अर्थ लावून पाहता येतो. परंतु येण्याजाण्याने दोन्ही वाटा झिजल्या होत्या असे कवितेतच म्हटलेले असल्यामुळे तो अर्थ टिकत नाही. शीर्षक त्या वाटेचे आहे जी वाटसरूने घेतली नाही आणि जिच्याविषयी शेवटच्या तीन ओळींत तो काहीच बोलत नाही.

उरते ते आत्मचरित्राचे विधान: फ्रॉस्टने सुरक्षित आयुष्य सोडून कवी होण्याची अवघड वाट धरली, त्याची ही कविता. हा समज का रुजतो ते कळते. फ्रॉस्टचा जन्म 1874चा. 1912 मध्ये, वयाच्या 38व्या वर्षी, अमेरिकेतली शिक्षकाची नोकरी सोडून तो कुटुंबासह इंग्लंडला गेला आणि त्याचे पहिले दोन संग्रह 1913 व 1914 मध्ये तिथेच प्रसिद्ध झाले. आयुष्यच असे असल्यावर संदेश लिहिणाऱ्याला आणखी काय हवे? पण कवितेतला माणूस कुणावरून सुचला हे फ्रॉस्टने स्वतः सांगून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये त्याची एडवर्ड थॉमस या लेखकाशी गाढ मैत्री झाली आणि 1914 साली ग्लॉस्टरशरमधल्या डायमॉक परिसरात दोघे मैलोन् मैल एकत्र भटकत. थॉमस मित्राला एखादी दुर्मीळ वनस्पती किंवा एखादा देखावा दाखवायचा म्हणून एक वाट निवडी आणि मग, त्या दुसऱ्या वाटेने नेले असते तर बरे झाले असते, असे हळहळत बसे. कुठल्याही वाटेने गेला तरी दुसरीने गेलो नाही याचे वाईट वाटणारा माणूस, असे फ्रॉस्टने त्याचे वर्णन केले आहे. तेव्हा कवितेतला सुस्कारा मूळचा या मित्राचा आहे.

फ्रॉस्ट 1915च्या आरंभी अमेरिकेला परतला आणि त्याने ही कविता थॉमसला टपालाने पाठवली. ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकन मासिकाच्या ऑगस्ट 1915च्या अंकात ती छापून आली आणि 1916च्या ‘माउंटन इंटर्व्हल’ या संग्रहात पहिली कविता म्हणून बसली. गंमत अशी की ज्याची थट्टा होती त्यालाच ती प्रथम कळली नाही. तो सुस्कारा खोटाखोटा आहे, असे फ्रॉस्टला पत्रातून समजावावे लागले. त्यावर थॉमसने कळवले की कुठल्या प्रकारचे हसू हसायचे हे वाचकांना सांगितल्याशिवाय यातली गंमत कुणाच्या ध्यानात येईल असे मला वाटत नाही. शंभराहून अधिक वर्षे फिरणाऱ्या गैरसमजाचे याहून अचूक भाकीत झाले नसेल.

या पत्रव्यवहाराचा आधार घेऊन अलीकडे दोन नवी विधाने फिरू लागली आहेत. कविता म्हणजे निव्वळ चेष्टा, हे एक. ते मला पटत नाही, कारण एक वाट दुसरीला जाऊन मिळते आणि परतणे होत नाही, या ओळी कुणाचीही चेष्टा करत नाहीत. दुसरे विधान असे की या कवितेमुळे थॉमस सैन्यात गेला आणि मारला गेला. तो जुलै 1915 मध्ये सैन्यात दाखल झाला आणि 9 एप्रिल 1917 रोजी पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत मरण पावला, हे खरे आहे. दाखल झाला तेव्हा तो 37 वर्षांचा होता, तीन मुलांचा बाप होता आणि ब्रिटनमध्ये सक्तीची भरती 1916 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याच्यावर कायद्याचा दबाव नव्हता. पण सैन्यात जावे की फ्रॉस्टच्या मागोमाग अमेरिकेला, या विवंचनेत तो कविता हाती पडण्याच्या कितीतरी आधीपासून होता. इतक्या महिन्यांची घालमेल 20 ओळींच्या माथी मारायची, म्हणजे कवितेतला म्हातारा जे करणार आहे तेच आपण करायचे: गुंतागुंतीच्या घटनेला मागाहून एकच सुबक कारण चिकटवायचे.

संदेश थांबणार नाही याची मला कल्पना आहे आणि छायाचित्रावर जागा थोडी असते हेही मान्य. शेवटच्या तीन ओळी पाठवायच्याच असतील तर त्यांच्या वरच्या दोन ओळीही पाठवाव्यात, सुस्काऱ्यासकट, आणि तो अपूर्णविराम गाळू नये.